नाण्याची पारख : सराफाची आणि इतिहासाची

मठाच्या वर्धापनानिमित्त निघणाऱ्या स्मरणग्रंथात जुन्या नाण्यांच्या किमतीविषयी लेख असावा, याचे कित्येक भाविक वाचकांस नवल वाटेल. जेथे द्रव्याचा मोह सोडावयास शिकविले जाते, तेथे नाण्याच्या मोलाची चर्चा कशासाठी? शंका रास्त आहे. परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या देवघरात एखादी लहानशी पितळी डबी असते व तीत वाडवडिलांनी ठेवलेली दहा-वीस जुनी नाणी असतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती बाहेर निघतात, चिंच व राख लावून घासली जातात, त्यांना हळदकुंकू वाहिले जाते आणि वर्षभरासाठी ती पुन्हा डबीत जातात. पुढे घरातील वडील मनुष्य निवर्तते, वाटणीचा प्रसंग येतो, किंवा मुलाच्या शिक्षणासाठी पैशाची निकड लागते, आणि मग प्रश्न उभा राहतो की, या नाण्यांची किंमत किती?

या प्रश्नाचे उत्तर न कळल्यामुळे दोन प्रकारचे नुकसान होत असलेले दिसते. कोणी ती नाणी सरळ सराफकट्ट्यावर नेतो आणि ती वजनावर विकली जाऊन मुशीत वितळतात. कोणी एका नाण्यास लाखो रुपये मिळतात अशी वदंता ऐकून लोभात पडतो आणि नाणे विकण्याऐवजी स्वतःच्या गाठीचे पैसे ठकाच्या हाती देऊन बसतो. पहिल्याने इतिहास बुडतो, दुसऱ्याने संसार. दोहोंचे मूळ अज्ञानात आहे. म्हणून नाण्याचे मोल कसे ठरते याचा विचार आपल्या भागाच्या इतिहासाच्या आधारे करावा, असे योजिले आहे.

आरंभ शब्दापासूनच करू. कन्नडमध्ये ‘होन्नु’ म्हणजे सोने. त्यावरून ‘होन’ हा शब्द आला, आणि ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाल्यावर शिवछत्रपतींनी जे सुवर्णनाणे पाडले त्यास मराठी माणसाने हेच नाव दिले. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी नागरी अक्षरे असलेले ते नाणे मराठी स्वराज्याचे, पण त्याचे नाव कन्नड. या सीमाभागात दोन्ही भाषा एकाच अंगणात नांदल्या, याचा याहून खणखणीत पुरावा दुसरा कोणता हवा? विजयनगरच्या सोन्याच्या नाण्यास ‘वराह’ हे नाव मिळाले. जुन्या शिलालेखांतून देवालयांस व मठांस दिलेल्या दानांचे आकडे ‘गद्याण’ या सुवर्णनाण्यात लिहिलेले आढळतात. म्हणजे नाण्याचा व धर्मस्थानांचा संबंध आजचा नव्हे. कोणत्या काळी किती द्रव्यात देवाचा नंदादीप वर्षभर तेवत असे, हे आज आपणांस कळते ते अशा दानलेखांवरूनच.

आपल्या बेळगाव प्रांताशी निगडित असे एक फार सुंदर नाणे म्हणजे गोव्याच्या कदंबांचे गद्याण. या राजांची सत्ता गोव्याप्रमाणेच खानापूर तालुक्यातील हलशीवरही होती. त्यांच्या सुवर्णनाण्यावर सिंहाची आकृती असते व श्रीसप्तकोटीश्वराच्या कृपाप्रसादाने आपणांस वर लाभला, अशा अर्थाचे संस्कृत बिरुद नागरी लिपीत असते. काही नाण्यांवर संवत्सराचे नावही असते. म्हणजे नाणे हातात धरले की राजा, त्याचे कुलदैवत व काळ या तिन्हींचा पत्ता लागतो. त्याच सप्तकोटीश्वराच्या नार्वे येथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली करविला. बाराव्या शतकातील नाण्यावरील देव सतराव्या शतकातील छत्रपतींच्या श्रद्धेचा विषय व्हावा, ही परंपरा एका सुवर्णाच्या चकतीवर वाचावयास मिळते. असे नाणे सोन्याच्या भावाने मोडले तर मोडणाऱ्यास काही ग्रॅम सोने मिळेल. पण त्यावरील संवत्सर वाचले गेले नसेल, तर ते पुन्हा कोणालाही वाचता यावयाचे नाही.

आता सराफाच्या दृष्टीने नाण्याकडे पाहू. मराठेशाहीत नाण्याची किंमत केवळ त्यावरील छापावर ठरत नसे. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. पुण्याकडील अंकुशी रुपया, बागलकोटचा मल्हारशाही, कोल्हापूरचा शंभुपीरखानी असे कितीतरी प्रकार होते. बागलकोटचा रुपया मल्हारराव रास्ते यांच्या नावावरून मल्हारशाही म्हणून ओळखला गेला. बेळगावास मुघल अमलात आझमनगर म्हणत; पुढे गोकाकच्या रुपयांवरही ‘आझमनगर गोकाक’ असे टांकसाळीचे नाव फारसीत येऊ लागले. या प्रत्येक रुपयाचे वजन व कस थोडाबहुत निराळा असल्यामुळे सरकारी खजिन्यात पोतदार असे, बाजारात सराफ असे आणि दोघांचे काम एकच, ते म्हणजे पारख. आज ‘पोतदार’, ‘पारखी’, ‘सराफ’, ‘टंकसाळे’ ही आपल्यास केवळ आडनावे वाटतात. पण त्या त्या कुळाच्या मागे ही विद्या उभी होती.

सराफ प्रथम नाणे दगडावर टाकून वाजवी. चांगल्या चांदीचा नाद लांबतो, शिसे वा कथील मिसळलेली चांदी बद्द वाजते. मग काट्यावर वजन. संशय राहिल्यास कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस पाहावयाचा. ‘बावनकशी सोने’ हा वाक्प्रचार या कसोटीतूनच भाषेत आला. तरीही खात्री न पटल्यास नाण्यावर लहानशी ठोक मारून आतील धातू तपासली जाई. या परीक्षेनंतर पुऱ्या किमतीतून जी कपात होई तिला बट्टा किंवा वटाव म्हणत. मुघली परंपरेत चालू सालाचा रुपया पूर्ण किमतीने चाले आणि साल जुने होताच त्यावर बट्टा बसे. कारण फिरून फिरून रुपया झिजतो, असे गृहीत धरले जाई.

या व्यवस्थेत लबाडीसही वाव होता. कर्नाटकातील जमीनदारांनी खासगी टांकसाळी घालून हलक्या कसाची नाणी पाडण्यास आरंभ केला, तेव्हा थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत, १७६५ च्या सुमारास, तशा अनेक टांकसाळी बंद करून धारवाडास एक अधिकृत टांकसाळ चालविण्याची आज्ञा झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठेशाहीतील चलन व टांकसाळी यांवर जो निबंध लिहिला, तो या विषयाच्या जिज्ञासूंनी अवश्य पाहावा. राज्याची पत नाण्याच्या कसावर अवलंबून असते, हे आपल्या पूर्वजांनी पुरते ओळखले होते.

१८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि किल्ल्याच्या पश्चिमेस लष्कराची वसाहत वाढू लागली. तीच आपली कॅम्प. लष्कर आले म्हणजे पगार आला, पगाराबरोबर कंपनी सरकारचे नाणे आले. १८३५ च्या कायद्याने साऱ्या ब्रिटिश मुलखासाठी एकच रुपया ठरला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, अथवा आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. वजन व कस दोन्ही निश्चित झाल्यामुळे बट्टा घेण्याचे कारण उरले नाही. खजिन्यात, पलटणीत, निपाणीच्या तंबाखूच्या व्यापारात व शहापूरच्या पेठेत हळूहळू हाच बंदा रुपया चालू लागला आणि जुने नाना प्रकारचे रुपये मुशीत गेले. आज ते विरळ झाले आहेत, त्याचे हे मुख्य कारण.

येथे एक मौज ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या गोष्टींसाठी सराफ पूर्वी नाण्याची किंमत कमी करी, त्यांतल्या काही गोष्टींसाठी आजचा संग्राहक ती वाढवितो. जुने साल हे सराफाच्या लेखी बट्ट्याचे कारण होते. संग्राहकाच्या लेखी ते आकर्षण आहे. परक्या, दूरच्या, अनोळखी टांकसाळीचा रुपया सराफ नाक मुरडून घेई; आज तोच अधिक दराने मागितला जातो. उलट, सराफाने विश्वासाने मारलेली परीक्षेची ठोक त्या काळी नाण्याची पत वाढवी, ती आज व्यंग समजली जाते. नाणे तेच, धातू तीच, परंतु पाहणाराचा प्रश्न बदलला. सराफ विचारी, “यात चांदी किती?” संग्राहक विचारतो, “असे दुसरे किती उरले आहे?” आणि इतिहासाचा अभ्यासक विचारतो, “हे काय सांगते?” या तीन प्रश्नांची उत्तरे निरनिराळी ठेवल्यावाचून मोलाचा उलगडा होत नाही.

पहिला प्रश्न सर्वांत सोपा. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या प्रमाणित रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. हिशेबापुरता चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरला, तर अशा न झिजलेल्या रुपयातील चांदी १,०६९ रुपयांची झाली. याच्या खाली तो रुपया विकण्याचे कारण नाही. हा त्याचा तळ. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, रुपयातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली. वजन तेच ११.६६ ग्रॅम, चेहरा सहाव्या जॉर्जचाच, पण चांदी केवळ ५.८३ ग्रॅम, त्याच भावाने किंमत ५८३ रुपये. १९४७ चे रुपये तर निकेलचे आहेत, त्यांत चांदी मुळीच नाही. म्हणून डबीतील रुपये वेगळे करताना प्रथम साल वाचावे. एकाच डबीतील दिसण्यात सारख्या तीन रुपयांत एक पूर्ण, एक अर्धा व एक रिकामा असू शकतो, आणि भावाभावांच्या वाटणीत ‘प्रत्येकी दहा रुपये’ असा सरळ हिशेब केला तर नकळत अन्याय होतो.

साल वाचता येत नसेल किंवा खरेपणाविषयी संशय असेल, तर पाण्याची परीक्षा उपयोगी पडते. नाजूक काट्यावर रुपया प्रथम हवेत तोलावा, मग दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवून तोलावा. पूर्ण चांदीचा प्रमाणित रुपया पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅमने हलका भरतो. निम्म्या चांदीचा सुमारे १.२२ ग्रॅमने. पांढऱ्या धातूचे बनावट नाणे याहूनही अधिक हलके भरते. या परीक्षेत नाण्यास ओरखडाही जात नाही, हा तिचा मोठा गुण.

दुसरा प्रश्न विरळपणाचा. येथे सर्वसाधारण समज असा की, नाणे जितके जुने तितके महाग. हा समज टाकून दिला पाहिजे. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयांवरील १८६२ हे साल पुढे १८७४ पर्यंत तसेच छापले जात राहिले. त्यामुळे १८६२ चे रुपये विपुल आहेत. उलट १९३९ चा चांदीचा रुपया त्याहून कितीतरी अलीकडचा. पण त्या सालाचे रुपये फार थोडे उरल्यामुळे खरा १९३९ सापडल्यास त्याची किंमत चांदीच्या अनेक पटींनी होते, आणि म्हणूनच त्या सालाची बनावट नाणीही फार. १९११ च्या रुपयाची कथा तर प्रसिद्ध आहे. पंचम जॉर्जच्या वस्त्रावरील साखळीत हत्तीची लहान आकृती होती. तिची सोंड आखूड उठल्यामुळे ती डुकरासारखी दिसते, असा बोभाटा झाला. लोकांच्या धर्मभावना दुखावल्यामुळे बरेच रुपये परत घेऊन वितळविण्यात आले आणि १९१२ पासून हत्तीची आकृती सुधारून छापण्यात आली. एका वर्षाचा तो रुपया आज संग्राहक आवर्जून शोधतात.

जुन्या देशी रुपयांत विरळपणाचे आणखी एक गमक आहे. त्या काळी ठसा मोठा व धातूची चकती लहान असे. त्यामुळे मजकुराचा काही भागच नाण्यावर उमटे. मराठी टांकसाळींच्या रुपयांवरही मजकूर फारसीत व दिल्लीच्या बादशहाच्या नावाने असल्यामुळे टांकसाळ ओळखावयाची ती अंकुश, परशू, त्रिशूळ अशा चिन्हांवरून, किंवा टांकसाळीच्या नावाची चार अक्षरे चकतीवर आली असतील तर त्यांवरून. एकाच टांकसाळीचे दोन रुपये सारख्याच वजनाचे असून एकावर टांकसाळीचे नाव व साल स्पष्ट उमटलेले आणि दुसऱ्यावर ते चकतीबाहेर गेलेले असले, तर पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या कित्येक पट येते. अक्षर न वाचणाऱ्यास दोन्ही सारखेच.

शिवराईविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण तीविषयी भावना फार उत्कट आहेत. तांब्याच्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे पाहून आपल्या घरात महाराजांच्या हाताखालचे नाणे आहे असे प्रत्येकास वाटते. परंतु महाराजांच्या पश्चातही हेच नाव छत्रपतींच्या व पेशव्यांच्या काळात, किंबहुना इंग्रजी अमलाच्या आरंभापर्यंत, तांब्यावर उठत राहिले. नावाखाली दुहेरी रेघ असलेली दुदांडी शिवराई या उत्तरकाळातील असून ती आजही विपुल मिळते व थोडक्या रुपयांत विकली जाते. महाराजांचा अस्सल सोन्याचा होन मात्र अत्यंत दुर्मिळ आहे. दुदांडीची बाजारातील किंमत अल्प आहे म्हणून तिचा मान कमी होत नाही. ज्या नावाची आण शेतकऱ्याच्या कनवटीतील तांब्यावर दीडशे वर्षे चालली, त्या नावाचे सामर्थ्य त्या विपुलतेतच दिसते. मात्र विक्रीस नेताना बाजारभाव व मान यांची गल्लत करू नये.

तिसरी गोष्ट स्थितीची. ठसा किती ठळक आहे, कडा किती शाबूत आहेत, नाण्यास भोक किंवा कडी जोडली आहे काय, यांवर किंमत दुप्पट-चौपट बदलते. आपल्याकडे मोहरांच्या व पुतळ्यांच्या माळा करण्याची चाल होती. ‘पुतळी’ म्हणजे मुळात व्हेनिसचे दुकात हे जवळजवळ शुद्ध सोन्याचे साडेतीन ग्रॅमचे नाणे. त्यावर ख्रिस्ती संतासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती कोरलेला असे. त्या मानवी आकृतींवरून आपल्या बायकांनी त्यास पुतळी म्हटले आणि मंगल अलंकार म्हणून गळ्यात घातले. पुढे सोनारांनी त्याच्या नकला केल्या. माळेतील पुतळी अस्सल दुकात असली, तरी कडी जोडल्यामुळे संग्राहक तिला कमी भाव देतो. परंतु माळ म्हणून तिचे मोल निराळेच आहे. कडी काढून नाणे सुटे करण्याचा मोह धरू नये; जोडाची खूण राहतेच आणि माळही जाते.

सर्वांत मोठी हानी होते ती घासण्याने. शतकानुशतके तांब्यावर व चांदीवर जो काळसर-हिरवट थर चढतो, तो मळ नसून नाण्याचे कवच आहे. चिंच, लिंबू, राख किंवा रासायनिक भुकटी लावून ते चकचकीत केले की अक्षरांच्या बारीक कडा झिजतात आणि जाणता ग्राहक ते नाणे बाजूस सारतो. लक्ष्मीपूजनात नाण्यांची पूजा अवश्य व्हावी. परंतु पंचामृताऐवजी अक्षता वाहिल्या आणि फडक्याने न घासता नाणी तशीच ठेवली, तर देवीचा मान कोठेही उणा होत नाही.

आता भाविकांच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा विषय. राम, सीता, लक्ष्मण व मारुती यांच्या आकृती असलेल्या चकत्या ‘रामटंका’ या नावाने घरोघर आढळतात. या पूजेच्या मुद्रा होत; त्या चलनी नाणी नव्हेत. चांदीच्या असल्यास चांदीचे मोल व काही जुन्या, सुबक मुद्रांस त्याहून थोडे अधिक मोल मिळते. परंतु तांब्याच्या किंवा पितळेच्या काही चकत्यांवर देवतांच्या आकृतींसह ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘एक आणा’ वा ‘अर्धा आणा’ आणि १६१६, १७१७, १८१८ अशी साले छापलेली असतात, व त्यांची किंमत लाखो, क्वचित कोट्यवधी सांगितली जाते. हे सर्व खोटे आहे. १८३५ पूर्वी मुंबई इलाख्यातील कंपनीच्या तांब्याच्या नाण्यांवर तराजू व कंपनीचे चिन्ह असे. मद्रासच्या कंपनीच्या सोन्याच्या होनावर विष्णूची मूर्ती होती हे खरे. परंतु ते लहानसे सोन्याचे नाणे होते, तांब्याचा आणा नव्हे. देवाच्या आकृतीस वंदन करावे. तिच्यासोबत कोरलेल्या खोट्या सालावर विश्वास ठेवू नये.

अशा चकत्यांच्या व जुन्या नोटांच्या निमित्ताने फसवणुकीचा एक धंदाच चालतो. “तुमचे नाणे अमुक लाखांस घेतो, परंतु आधी नोंदणीचे, कराचे किंवा दलालीचे पैसे भरा,” असे सांगून पैसे उकळले जातात. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरूनही असे प्रकार होऊ लागले, तेव्हा ऑगस्ट १९२१ च्या नव्हे, तर आपल्याच काळातील ऑगस्ट २०२१ च्या निवेदनात त्या बँकेने स्पष्ट केले की, जुन्या नाण्यानोटांच्या अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही व त्यासाठी ती कोणाकडूनही शुल्क वा दलाली मागत नाही. साधा नियम ध्यानात ठेवावा : खरा ग्राहक पैसे देतो, मागत नाही.

मग योग्य किंमत कळावी कशी? एखाद्या विक्रेत्याने मागितलेली किंमत ही किंमत नव्हे; प्रत्यक्ष लिलावात तशाच नाण्यास, तशाच स्थितीत, काय मिळाले ते पाहावे. एका लिलावावर न विसंबता तीन-चार पाहावे, कारण दोन हट्टी बोलीदार एकत्र आले की भाव क्षणभर चढतो. व्यापारी ज्या दराने विकतो त्याहून कमी दराने घेतो. त्यात त्याचा चरितार्थ आहे व तो अन्याय नव्हे. परंतु निदान दोन-तीन जाणत्यांस दाखविल्यावाचून नाणे हातचे सोडू नये. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ व धारवाडास कन्नड संशोधन संस्था आहे. किंमत सांगणे हे अशा संस्थांचे काम नव्हे, पण नाणे कोणते हे कळण्यास अभ्यासकांचे साहाय्य होते. आणि नाणे कोणते हे कळले की निम्मे काम झाले.

तिसरा प्रश्न, ‘हे नाणे काय सांगते?’ हा, बाजारात विचारला जात नाही; पण इतिहासाच्या दृष्टीने तोच मुख्य. १९०६ साली नाशिकजवळील जोगलटेंभी येथे एका ठेव्यात क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सराफाच्या नजरेने ही दुहेरी ठशाची नाणी म्हणजे बिघडलेला माल. परंतु सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव करून त्यांचे चलन आपलेसे केले, ही गोष्ट त्या ‘बिघाडा’नेच सिद्ध केली. तो ठेवा मुठी-मुठीने वाटला जाऊन वितळला असता, तर महाराष्ट्राच्या इतिहासातील एक प्रकरण धूसरच राहिले असते. आपल्या शेजारी कोल्हापूर भागात विळिवायकुर या नावाची शिशाची नाणी मिळाली. शिशाला भाव तो काय असणार? तरीही ज्या राजांच्या कथा कोणत्याही पोथीत नाहीत, त्यांचे नाव त्या शिशाने राखले. बेळगावच्या वडगाव-माधवपूर भागातही सातवाहनकालीन वसाहतीचे अवशेष उत्खननात सापडले आहेत. तेव्हा आपल्या पायाखालची माती अद्याप बोलावयाची थांबलेली नाही.

म्हणूनच शेतात, जुन्या वाड्याच्या पायात किंवा विहिरीच्या गाळात ठेवा सापडल्यास तो लपवू नये. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचा भूमिगत ठेवा सापडल्यास कलेक्टरास कळविणे बंधनकारक झाले. कर्नाटकात यासाठी राज्याचा कायदा आहे व त्याचा रोखही तोच. १८७८ च्या कायद्यात सरकारने ठेवा घेतल्यास द्यावयाची रक्कम धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक, अशी ठरविलेली आहे. कायदाही तळ धातूचाच धरतो आणि वर थोडे इतिहासासाठी ठेवतो, असे म्हणावयास हरकत नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते व ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी असलेल्या आप्तांस भेट म्हणून असे नाणे पाठविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शेवटी कॅम्पातील व आसपासच्या खेड्यांतील घरांविषयी. १९२२ पासून मराठा पलटणीचे केंद्र बेळगावात आहे आणि दोन्ही महायुद्धांत या पलटणीचे जवान मेसोपोटेमिया, आफ्रिका, इटली येथे लढले. त्यांतील कित्येकांच्या घरी एखादे अनोळखी लिपीचे तांब्याचे वा निकेलचे नाणे ट्रंकेच्या तळाशी असते. बाजारात त्यास बहुधा काहीच किंमत येत नाही. पण ते कोणत्या आजोबांनी, कोणत्या मोहिमेहून आणले, हे एका चिठ्ठीवर लिहून नाण्याबरोबर ठेवले, तर त्या घराला इतिहासाचे एक पान लाभते. चिठ्ठी नसेल तर तिसऱ्या पिढीस ती केवळ एक गंजकी चकती. हाच नियम देवघरातील डबीस व देवस्थानांच्या दानपेटीत येणाऱ्या जुन्या नाण्यांसही लावावा : नाणे कोठून आले, केव्हा आले, त्याचे वजन किती, त्यावर काय दिसते, एवढे चार ओळींत लिहावे, नाणे कोरड्या कागदात गुंडाळावे, घासू नये, आणि विकण्यापूर्वी जाणत्यास विचारावे.

पूर्वीचा सराफ नाणे वाजवून घेई, कारण त्याला उद्या तेच दुसऱ्यास द्यावयाचे असे. आपणांसही ही नाणी पुढच्या पिढीस द्यावयाची आहेत. निदान त्यांची हकीकत तरी. येत्या लक्ष्मीपूजनास डबी उघडली जाईल, तेव्हा चिंच आणावयाच्या आधी एक कागद व लेखणी आणावी आणि प्रत्येक नाण्यावरील साल एकदा मोठ्याने वाचावे. घरातील मुले ऐकत असतील, तर त्या दिवशीची पूजा अधिकच फलद्रूप झाली, असे समजावे.